सगळ्यांना एकच दर

अण्णा गेल्यापासून रविवारचं जेवण इस्त्रीच्या टेबलावर झालं नव्हतं. ते असताना तो या घरातला नेमच होता. लॉन्ड्रीला सुट्टी, भट्टी थंड, आणि मागच्या खोलीतल्या लांबलचक टेबलावर धुतलेली चादर अंथरून सगळं कुटुंब जेवायला बसायचं. टेबलाची एक बाजू भिंतीला टेकलेली, म्हणून सगळे एका रांगेत, भिंतीकडे तोंड करून. या घरातली माणसं त्यामुळे जन्मभर एकमेकांशी भांडली ती भिंतीकडे बघत. शेजारचा काय म्हणतो ते ऐकू यायचं, त्याचा चेहरा मात्र दिसायचा नाही, आणि खरं सांगायचं तर भांडायला ते सोयीचंच होतं.

आज धाकट्यानं चादर पुन्हा काढली होती. थोरल्याचा निरोपच तसा आला होता, "रविवारी सगळे जेवायला येतोय, टेबलावरच बसू, अण्णा असताना बसायचो तसं." धाकट्यानं कोपरे ओढून चादर ताठ केली आणि हातानं सुरकुत्या मोडल्या. वयाची पन्नाशी आली तरी घरात त्याचं नाव शेंडेफळ ते शेंडेफळच. थोरला आणि ताई शिकून बाहेर पडले आणि हा अण्णांच्या मागे भट्टीशी उभा राहिला. त्याबद्दल त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. थट्टा करायची सवय होती, ती अशा वेळी उपयोगी पडायची.

"आई, साहेब येणार म्हणून खळ लावलेली चादर काढलीय. बघ, दुमडली की मोडेल."

खिडकीजवळ बसलेल्या आईनं मान वर केली नाही. तिच्या मांडीवर कुणाचा तरी शर्ट होता आणि ती गळ्याजवळचं बटण लावत होती. गिऱ्हाइकाच्या कपड्याचं बटण तुटलेलं दिसलं तर ते लावून द्यायचं, पैसे मागायचे नाहीत, ही अण्णांची पद्धत. अण्णा गेले, बटणं राहिली.

"त्याला साहेब म्हणू नकोस," ती म्हणाली. "तो आला की मग चिडतो."

"चिडतो कुठला? आतून खूश होतो."

आई हसली. धाकटा हसला नाही. परवा ताईला त्यानं जे सांगितलं होतं ते आईला सांगितलेलं नव्हतं, आणि आज ते कोणाच्याही तोंडून बाहेर पडू नये एवढीच त्याची इच्छा होती.

भांडी लावायला ताई आधीच आली होती. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबारलेले, आणि झोप अपुरी झाली की तिच्या जिभेला धार चढते हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुपाचं भांडं टेबलावर ठेवता ठेवता ती हळूच धाकट्याला म्हणाली, "तू सांगणार की मी सांगू?"

"कोणीच सांगायचं नाही. जेवायला बोलावलंय ना? जेवा."

"तो उद्या सभागृहात उभा राहून तुझ्या पोटावर पाय देणार, आणि तू त्याला सूप वाढणार?"

"गरम वाढीन," धाकटा म्हणाला. "तोंड भाजेल जरा."

गाडीचं दार वाजलं. दुकानात शिरताच थोरला थांबला. गेली कित्येक वर्षं तो तिथं शिरला की असाच थांबायचा. साबण, नीळ, आणि गरम कापडाचा तो वास. मोठमोठ्या सभा गाजवणारा माणूस, पण या वासापुढे त्याचा आवाज नेहमी खाली यायचा. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, सभागृहात त्याच्या नावामागे 'सन्माननीय' लागत होतं. इथं मात्र तो लगेच कॉलर चाचपायचा, कारण लहानपणी दारातून आत येताना अण्णा आधी कॉलर बघायचे.

"अजून तोच साबण?" त्यानं विचारलं.

"दुसरा परवडत नाही," धाकटा म्हणाला, आणि ताईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

थोरल्यामागून वहिनी आल्या. त्या मोठ्या घरातल्या, वडील नावाजलेले वकील, आणि थोरल्याचं राजकारण निम्मं त्यांच्या डोक्यातून चालतं असं लोक म्हणायचे. लोक कमीच म्हणायचे. काउंटरच्या वर टांगलेल्या पाटीकडे त्यांनी पाहिलं आणि नवऱ्याला खूण केली. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत अण्णांनी स्वतः रंगवलेलं होतं, 'सगळ्यांना एकच दर'. ऊन खाऊन निळा रंग राखाडी झाला होता, अक्षरं मात्र शाबूत होती.

"आधी जेवू," थोरला हळूच म्हणाला. "मग काढू."

*

सगळे रांगेत बसले. खिडकीकडून पहिली आई, मग थोरला, वहिनी, ताई, आणि टोकाला धाकटा, कारण वाढायला त्यालाच उठावं लागायचं. सूप झालं, पाव झाला, उकडलेली अंडी आणि बटाटे आले. अण्णा अंड्याचं साल एका सलग पट्टीत काढायचे, ते कोणाला तरी आठवलं. एकदा एका न्यायाधीशाचा कोट भट्टीत आकसून लहान मुलाच्या मापाचा झाला होता, आणि अण्णा तो घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले होते, ते आठवलं. न्यायाधीश इतके हसले की त्यांनी तो कोट नातवाला देऊन टाकला. ही गोष्ट या घरात प्रत्येकाला पाठ होती आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याला नव्यानं सांगायचा. थोड्या वेळापुरतं वाटलं की अण्णा पुढच्या दुकानात कुलूप लावताहेत आणि आत्ता येऊन बसतील. ताईलासुद्धा तसं वाटलं, आणि मनात आणलेलं भांडण तिला नकोसं झालं.

तेवढ्यात थोरल्यानं घसा साफ केला. त्या खाकरण्यानं ताईची झोप उडाली.

"उद्या सरसकट कराचं विधेयक येतंय," तो म्हणाला. "पक्षातर्फे पहिलं भाषण मी करणार आहे. अध्यक्षसाहेबांनी स्वतः सांगितलंय. मी ठरवलंय की सुरुवात अण्णांपासून करायची. ती पाटी मी सभागृहात नेणार आहे. आणि आई, तू वर प्रेक्षकांच्या सज्जात बसायचंस. मी तुझ्याकडे हात करून म्हणेन, माझ्या वडिलांनी श्रीमंत पाहिला नाही, गरीब पाहिला नाही. सगळ्यांना एकच दर लावला, आणि ही माझी आई त्याला साक्ष आहे."

आई पावाचा तुकडा मोडत होती.

"छान आहे," ताई म्हणाली. "म्हणजे ज्याच्या चार गाड्या आहेत त्यानंही तेवढाच हिस्सा द्यायचा, आणि माझ्या वॉर्डात फरशी पुसणारी आहे तिनंही तेवढाच. दादा, तिच्या पगारातून दिवसाला एक घास गेला तर ती एक घास कमी जेवते. त्या गाडीवाल्याला कळतसुद्धा नाही. तो घास आणि हा घास एकच कसा रे?"

"चिमे, तू भाषण करू नकोस."

"तू केलंस ते काय होतं?"

"ऐक तरी. आज काय चाललंय? मोठा माणूस हुशार हिशेबनीस ठेवतो, सतरा सवलती शोधतो, आणि शेवटी काहीच भरत नाही. वरच्यांचा दर कागदावरच चढलेला. दर एक ठेव, सवलती काढ, सगळ्या पळवाटा बुजतात. आणि दुसरं. जो भरत नाही त्याला कोणी विचारत नाही. थोडंच का होईना, पण भरलं की माणूस ताठ मानेनं उभा राहतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. याच दुकानात शिकलोय."

आणि हे खरं होतं. राजकारणी माणसाच्या बोलण्यातलं खरं ओळखणं अवघड असतं, पण थोरला ही गोष्ट बोलायला लागला की त्याचा आवाज बदलायचा. तो शाळेतून आला की काउंटरवर बसायचा. कारखान्यातला एक फिटर दर आठवड्याला कामाचे कपडे घेऊन यायचा, तेलानं काळेठिक्कर. एकदा त्याची नोकरी गेली आणि तरी तो आला, कारण दुसरीकडे मुलाखतीला जायचं होतं. अण्णा म्हणाले, या वेळी निम्मे द्या. फिटरनं गाठोडं उचललं आणि तो चालायला लागला. अण्णा त्याच्यामागे रस्त्यावर धावले. त्याची माफी मागून त्यांनी त्याला परत आणलं आणि पूर्ण पैसे घेतले. त्या संध्याकाळी अण्णांनी ती पाटी रंगवायला घेतली. थोरल्यानं स्वतः ब्रश धरला होता, 'सगळ्यांना'मधला 'स' त्याचा होता.

"फिटरची गोष्ट मला माहीत आहे," ताई म्हणाली. "तू ती निवडणुकीत तीनदा सांगितलीस."

"मग?"

"मग काही नाही. गोष्ट चांगलीच आहे."

वहिनी इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्यांना या टेबलावर पहिल्यांदा जेवायला बसवलं तो दिवस त्यांना आठवत होता. भिंतीकडे तोंड करून जेवायचं म्हणजे काय, या विचारानं त्या तेव्हा गोंधळल्या होत्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी या लॉन्ड्रीचं फक्त गाठोडं पाहिलं होतं. घरपोच गाठोडं द्यायला जो मुलगा यायचा त्याचे कान लाल असायचे, आणि तो वर न बघता कपडे मोजायचा. त्या मुद्दाम मोजणीत चूक काढायच्या, म्हणजे तो पुन्हा मोजेल. तो मुलगा आता त्यांच्या शेजारी बसून देशाच्या तिजोरीबद्दल बोलत होता. त्यांना एकदम फार बरं वाटलं आणि त्या बोलून गेल्या.

"आमच्या घरचे कपडे काय मळलेले असायचे थोडेच! बाबांचा शर्ट एकदा अंगावर घातला की लॉन्ड्रीत. मी तर फ्रॉक न घालताच धुवायला टाकायचे कधीकधी. काहीतरी निमित्त हवं ना गाठोडं पाठवायला!"

धाकटा मोठ्यानं हसला. थोरल्याचे कान या वयातही लाल झाले. ताईनं मात्र चमचा खाली ठेवला.

"वहिनी, लाख बोललात! दादा, ऐकलंस? वकीलसाहेबांचा शर्ट पाण्यातून नुसता काढला की झाला. फिटरच्या कपड्याला साबण किती, सोडा किती, आणि वेळ? तो काय एका पाण्यात निघत होता? दर एक होता, पण खर्च एक नव्हता. वकिलाच्या शर्टातून जे सुटायचं त्यात फिटरचे कपडे धुतले जायचे. अण्णा श्रीमंतांकडून जास्तच घेत होते. फक्त पाटीवर लिहीत नव्हते."

वहिनींनी कपाळाला हात लावला. आपण नवऱ्याच्या भाषणाला भोक पाडलं हे त्यांना कळलं.

"बरं, मान्य," थोरला म्हणाला. तो हार मानणाऱ्यातला नव्हता. "पण ते साधलं कशानं? एकाच दरानं! फिटरला कोणी उपकार केला असं वाटलं नाही आणि वकिलाला कोणी लुटलं असं वाटलं नाही. तू माझंच म्हणणं सिद्ध करतेयस चिमे."

"मग उद्या सभागृहात हेही सांग. सांग की एक दर लावायचा, पण ज्याला जास्त धुवावं लागतं त्याला जास्त धुऊन द्यायचं. माझ्या दवाखान्यात चादरी द्या, औषधं द्या, माणसं द्या. तुझ्या विधेयकात ते आहे? त्यात वरच्यांचा दर खाली आणलाय आणि छोट्या दुकानांची सूट काढलीय. एवढंच आहे त्यात. मी वाचलंय."

"छोट्या दुकानांनी थोडं भरलं तर काय आकाश कोसळतंय?"

"ताई, बटाटे घे," धाकटा घाईनं म्हणाला.

"नकोत मला बटाटे! आकाश नाही कोसळत दादा, हे छप्पर कोसळतंय. ती सूट निघाली की ही लॉन्ड्री बंद. वर्षभरसुद्धा निघणार नाही. यानं सगळं मांडून बघितलंय आणि मला सांगून वर शपथ घातलीय की दादाला सांगू नकोस. का, तर दादाला मंत्रिपद मिळणार आहे!"

भिंतीकडे तोंड असल्यामुळे कोणाला कोणाचा चेहरा दिसला नाही. धाकट्यानं बटाट्यांचं भांडं तसंच हातात धरून ठेवलं होतं.

*

थोरल्याला पहिल्यांदा राग आला तो ताईचा. मग धाकट्याचा. मग त्याच्या लक्षात आलं की विधेयक कागदावर वाचताना त्याच्या डोळ्यांपुढे कितीतरी छोटी दुकानं आली होती, चपलांची, सायकलींची, भांड्यांची, पण त्यात ही लॉन्ड्री एकदाही आली नव्हती. ती त्याच्या मनात दुकान नव्हतीच. ती भाषणातली गोष्ट होती, आणि गोष्ट कधी बंद पडत नाही असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की तो नेहमी करायचा तेच त्यानं केलं, हात सैल सोडला.

"यात काय एवढं? जे कमी पडेल ते मी देत जाईन. दरमहा. कोणाला कळणारही नाही."

"म्हणजे मी तुझ्याकडून घ्यायचे," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि त्यामुळे तो आवाज सगळ्यांना परका वाटला. "आणि तू उद्या सांगणार, जो भरतो तोच ताठ मानेनं उभा राहतो. दादा, फिटर गाठोडं उचलून निघाला होता तेव्हा अण्णा त्याच्यामागे धावले. मी उठून गेलो तर तू धावशील?"

"अरे, तू माझा भाऊ आहेस!"

"म्हणूनच तर बोललो नव्हतो."

वहिनींनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. ताईला आपण बोललो याचं समाधान वाटायला हवं होतं, पण तिला रडू यायला लागलं. लहानपणी याच टेबलाखाली तिघं उन्हाळ्यात झोपायचे, वरून इस्त्रीचा धप्प धप्प आवाज यायचा, आणि थोरला दोघांना राजाच्या गोष्टी सांगायचा. त्या गोष्टीतला राजा नेहमी गरिबांचं कर्ज माफ करायचा. हे ती त्याला आत्ता सांगणार होती, पण तेवढ्यात आई बोलली.

"मी काही येत नाही रे तुझ्या सज्जात."

"आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही बघतो काय करायचं ते."

"मी लावून घेतलेलं नाही. मी साक्ष द्यायला येत नाही, कारण मला तशी साक्ष देता येणार नाही." तिनं हातातला पाव बशीत ठेवला. "तुम्ही दोघं मघापासून भांडताय, फिटरचे पैसे कोणी भरले. हा म्हणतो फिटरनं, ही म्हणते वकिलानं. तेलाचे कपडे यंत्रात घालता येत नाहीत, एवढं तरी आठवतंय का तुम्हांला? तेल आत गेलं की पुढचे सगळे पांढरे कपडे खराब. ते कपडे मागे जायचे, अंगणातल्या हौदावर."

धाकट्यानं भांडं खाली ठेवलं. त्याला हौद आठवत होता. त्यानं तो बुजवून तिथं वाळत घालायच्या दोऱ्या केल्या होत्या.

"हौदावर मी असायचे," आई म्हणाली. "पाटी लागली तेव्हा सगळा कारखाना आपल्याकडे यायला लागला. दुसरीकडे तेलाच्या कपड्यांना दुप्पट घ्यायचे, आपल्याकडे एकच दर. का नाही येणार? तुमचे अण्णा म्हणाले, बाई ठेवू हौदाला. मग म्हणाले, दर न वाढवता बाई परवडत नाही. वकिलाच्या शर्टातून काय सुटायचं गं, ते तुमच्या वह्यापुस्तकांत जायचं. मग मीच धुतले. सकाळी तुम्ही शाळेत गेलात की हौद, आणि तुम्ही यायच्या आधी हात पुसून घरात. सोड्यानं हात फुटायचे. आता बँकेत ते अंगठ्याचं यंत्र आलंय ना, त्यावर माझं बोट उमटत नाही. तो पोरगा म्हणतो, आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

ताईनं तोंडावर हात धरला. ती परिचारिका होती. आईच्या हातांना तिनं किती वेळा मलम लावलं होतं, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, वय झालं.

थोरल्यानं त्याचं स्टूल आवाज करत फिरवलं आणि तो आईकडे तोंड करून बसला. या टेबलावर असं कोणी कधी बसलं नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? वाईट दिवस नव्हते रे ते. खरंच नव्हते. ऊन असायचं, तुमच्या शाळेची घंटा ऐकू यायची. थंडीत तुमचे अण्णा गरम पाण्याची बादली आणून माझ्याजवळ ठेवायचे. बोलायचे काही नाहीत, ठेवून जायचे. मला कधी वाटायचं, आज बोलतील. माणूस चांगला होता. एवढ्या चांगल्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून?" तिनं चादरीवरचा पावाचा चुरा गोळा केला. "पण त्यांनी दर ठरवला तो पुढं काउंटरवर उभं राहून. मागे येऊन मला विचारलं नाही की बाई, तुला झेपेल का. तेवढं विचारायला हवं होतं. मी हो म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती हे सगळं इतक्या सहज बोलली की तिघांनाही त्याचं जास्त वाईट वाटलं. आपल्या अण्णांचा मोठेपणा तिघांनी आयुष्यभर आपापल्या परीनं मिरवला होता. एकानं भाषणात, एकीनं वादात, एकानं भट्टीपाशी उभं राहून. हौदाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

थोरला टोकाकडे वळला.

"धाकट्या, ही सूट गेली तर तुला झेपेल का?"

धाकट्याला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. त्यानं तोंड उघडलंही. मग त्यानं मान हलवली.

"नाही रे दादा. नाही झेपणार."

थोरला उठला. खिशातून फोन काढून तो तसाच उभा राहिला. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. या दिवसासाठी किती घरी त्यांनी चहा प्यायला होता, किती जणांच्या बायकांशी नसती मैत्री केली होती, ते एक त्यांनाच माहीत. मंत्रिपद जवळजवळ हातात होतं. त्यांनी एकदा आईच्या हातांकडे पाहिलं. त्या न घातलेल्या फ्रॉकची आठवण त्यांना आता गोड वाटेना.

"लावा," त्या म्हणाल्या. "नंतर लावू म्हणाल तर मीच तुम्हांला लावू देणार नाही."

तो तिथंच, सगळ्यांसमोर बोलला. "अध्यक्षसाहेब, उद्याचं भाषण दुसऱ्या कोणाला द्या... नाही, तब्येत ठीक आहे... छोट्या दुकानांची सूट राहणार असेल तर मी बोलतो. नसेल तर माझं मत विरोधात पडेल... हो, परिणाम माहीत आहे... नाही साहेब, बायकोनं नाही कान भरले." एवढ्यावर वहिनी हसल्या, डोळे पुसता पुसता. मग थोरला बराच वेळ नुसता ऐकत राहिला, आणि त्यानं फोन खाली घेतला.

"ठेवला त्यांनी."

"आता रे?" ताईनं विचारलं. तिच्या जिभेची धार पार गेली होती.

"आता काय! विधेयक मंजूर होईलच, माझ्या एका मतानं काय अडतंय? फक्त मी पक्षाबाहेर असेन."

"मग इथंच ये," धाकटा म्हणाला. "पण सुरुवात मोजे जुळवण्यापासून. सन्माननीय असलास तरी."

सगळे हसले. हसणं ओसरलं तेव्हा धाकटा हळूहळू पुढचं बोलायला लागला. मशीन एक विकू, खोली लहान करू, ताई म्हणाली मी पगारातलं घालते, थोरला म्हणाला उपकार म्हणून नव्हे, भागीदार म्हणून मला घे. वहिनींनी कागद मागितला. तिघांच्या डोक्यांत एकच होतं, आईचा जीव या वास्तूत आहे, काहीही करून आईसाठी लॉन्ड्री चालू ठेवायची. बोलता बोलता थोरला मधेच थांबला. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग कळलं काय चुकलं ते.

"थांबा," तो म्हणाला. तो आईसमोर स्टुलावर बसला. "आई, ही लॉन्ड्री चालू राहावी असं तुला वाटतं का?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग ताईकडे, वहिनींकडे, धाकट्याकडे. तिच्या ओठांवर लगेच येणारं उत्तर येता येता थांबलं. ते या घरातलं नेहमीचं उत्तर होतं, तुम्हांला बरं वाटेल ते करा.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मला कोणी विचारायची सवय नाही. विचार करायला थोडा वेळ द्या."

कोणी उठलं नाही, कोणी भांडी उचलली नाहीत. ती विचार करत होती.